मस्टँगचं मागचं चाक उड्या मारतंय: सबफ्रेमचे बुश बदलू की आधी दुसरं काही बघू?

पाचलिटर, बेळगाव
नमस्कार मंडळी. इथं बहुतेक धागे मायलेजचे आणि इथेनॉलचे, त्यात माझं हे दुखणं जरा श्रीमंती वाटेल, पण सांभाळून घ्या. गाडी फोर्ड मस्टँग जीटी, २०१७ ची, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली. ५.० लिटर व्ही-८, सहा गिअरची ऑटोमॅटिक, ५१५ एनएम टॉर्क. सरळ हायवेवर लोण्यासारखी चालते. पण थांबलेल्या जागेवरून जोरात काढली की मागून धाड-धाड-धाड-धाड असा आवाज येतो. चाक घसरल्याचा सूंऽऽ आवाज वेगळा, तो मला कळतो. हे म्हणजे डिकीत कुणीतरी घण घेऊन बसलाय असं वाटतं. पहिल्यांदा हत्तरगीच्या टोलनाक्यावरून निघताना झालं. शेजारी बाबा होते. त्यांना वाटलं एक्सल तुटला.

एका गॅरेजवाल्यानं दोन्ही शॉकअप, दोन्ही साईड शाफ्ट (चाक फिरवणारे दांडे) आणि 'जमलं तर डिफरन्शियल पण' (दोन्ही चाकांना जोर वाटणारी गिअरची पेटी) असा आकडा काढून दिलाय. तो आकडा बघून मी घरी येऊन पाणी प्यालो. नेटवर वाचलं तर सगळे म्हणतात सबफ्रेमचे, म्हणजे मागची चाकं टांगलेल्या चौकटीचे, रबरी बुश बदला, सॉलिड ॲल्युमिनियम टाका. आपल्या भागात कुणी केलंय का हे?

रंकाळा थ्री सिरीज
याला व्हील हॉप म्हणतात. सगळ्यात आधी एक कर: सुरू झालं की पाय उचल. दाबून धरलास तर खरंच साईड शाफ्ट जाईल, आणि मग त्या गॅरेजवाल्याचा आकडा खरा ठरेल.

जुना जीपवाला, निपाणी
आमच्या वेळी याला नाव नव्हतं, पण रोग होता. जीपला आणि ॲम्बॅसॅडरला मागं पाटे असायचे. चढाला क्लच झटक्यात सोडला की पाटा इंग्रजी एसच्या आकारात पिळायचा, एक्सलचं नाक वर जायचं, टायर सुटला की पाटा फटकन सरळ. परत पिळायचा. गाडी बेडकासारखी. त्यावर आम्ही एक्सलपासून चासीपर्यंत एक दांडा मारायचो, पाटा पिळू नये म्हणून. तुमच्या गाडीला पाटे नाहीत, पण कुठंतरी काहीतरी पिळतंय हे नक्की. ते काय ते शोधा. पार्ट नंतर मागवा.

कोथरूड ते केए
तिकडे निपाणीच्या तंबाखूच्या ट्रॉलीमागं जीप आणि इकडे मस्टँग. धागा रंगणार. खुर्ची टाकून बसतोय.

टिळकवाडी टॉर्क
जीपवाल्या काकांनी नेमकं सांगितलंय, मी फक्त रबर जोडतो. (माझं कामच गाड्यांचा आवाज आणि कंप कमी करण्याचं आहे.)

घरातलं लोखंडी कपाट शहाबादी फरशीवर ढकलून बघा. सलग सरकत नाही. अडतं, सरकतं, अडतं, सरकतं, आणि खर्र-खर्र असा आवाज येतो. कारण चिकटून बसलेल्या वस्तूचं घर्षण जास्त आणि सरकायला लागलेल्या वस्तूचं कमी. व्हील हॉप म्हणजे हेच, फक्त कपाटाच्या जागी टायर आणि ढकलणाऱ्या हाताच्या जागी रबराची एक लांबलचक साखळी.

जोर लावला की टायरची भिंत पिळते. साईड शाफ्ट किंचित पिळतो. चाकाला धरणाऱ्या लिंकांचे बुश दबतात. डिफरन्शियल आपल्या बुशांमध्ये नाक वर करतं. आणि हे सगळं ज्या सबफ्रेमला टांगलंय तो सबफ्रेम स्वतः चार जाड रबरी बुशांवर बॉडीला लटकलेला, तोही हलतो. एकूण स्प्रिंग भरत जाते. टायरची पकड सुटली की भरलेलं सगळं एका झटक्यात मोकळं होतं, ताण उतरतो, टायर परत रस्ता धरतो, परत भरतं. साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा. तुमच्या डिकीतला घणवाला तो.

आता शॉकअपचं. शॉकअप उभ्या हालचालीला आवर घालतो. इथं मूळ हालचाल पुढं-मागं आणि पिळण्याची आहे. म्हणून नवे शॉकअप टाकून थोडा फरक पडतो, रोग जात नाही. गळत असतील तर बदला, नुसत्या संशयावर बदलू नका.

कोथरूड ते केए
सुंदर समजावलंत. एक शंका: 'जोडतो' म्हणालात, तुम्ही दादा की ताई?

टिळकवाडी टॉर्क
ताई. बेळगावात बाई पण 'जातो, येतो, करतो' म्हणते. पुण्यात नोकरीला आलो तेव्हापासून हा प्रश्न वर्षातून चारदा येतो.

चोर्ला रोज
माझ्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसला हेच पुढच्या चाकांना होतं, जांबोटीच्या पुढं ओल्या रस्त्यावर. इंजिनाखालच्या टॉर्क माउंटमध्ये एक पॉलीयुरेथेनचा तुकडा बसवला, निम्मं कमी झालं. पण एसी लावून सिग्नलला थांबलो की स्टेअरिंग थरथरतं. पुढच्या चाकांची गाडी वेगळी, मान्य. धागा भरकटवत नाही.

पाचलिटर
ताई, दंडवत. म्हणजे सॉलिड बुश टाकले की साखळीतली सगळ्यात मोठी कडी गेली. मग वाट कशाची बघायची? किट मागवतो.

रंकाळा थ्री सिरीज
थांब. मी हा मूर्खपणा करून बसलोय. माझी जुनी बीएमडब्ल्यू ई-४६. तिच्या मागच्या सबफ्रेमचे बोल्ट जिथं बॉडीत जातात तिथला पत्रा फाटतो, हे जगजाहीर दुखणं आहे. मी आधी कडक बुश टाकले, नंतर खाली वाकून पत्रा बघितला. आधीच बारीक चीर होती. कडक बुशांनी रबर जो धक्का खात होता तो सरळ पत्र्याला दिला. चीर बोटभर झाली. मग गाडी उघडून पत्र्याला पॅच वेल्ड. मस्टँगला हा रोग आहे असं म्हणत नाही, पण खाली जाऊन आधी डोळ्यानं बघ.

टिळकवाडी टॉर्क
याला जोडून. रबर काढलं की हालचाल नाहीशी होत नाही, पुढच्या कडीत जाते. कंपनीनं रबर घातलंय ते कंजूषपणानं नाही. त्या चार बुशांवर तुमच्या केबिनची शांतता उभी आहे. उलट बाजूचं उदाहरण बीएमडब्ल्यूच्या एफ-८० एम-३ चं. तिचा मागचा सबफ्रेम बॉडीला रबराशिवाय थेट बोल्टनं आवळलाय. पण ती गाडी तशीच रेखाटलेली, बाकीची रबरं आणि पत्रा त्या हिशोबानं.

आणखी एक मजेशीर तोड: २००९ च्या कॅडिलॅक सीटीएस-व्हीला डावा आणि उजवा साईड शाफ्ट मुद्दाम वेगवेगळ्या जाडीचे दिले. एक जास्त पिळतो, एक कमी. त्यामुळं दोन्ही चाकं एका तालात उड्या मारू शकत नाहीत. लेझीममध्ये दोघांचा ठेका चुकवून दिला की खेळ मोडतो, तसं.

पाचलिटर, आधी मोजा. बहुतेक फोनमध्ये स्लो मोशन असतं, सेकंदाला २४० फ्रेम. फोन जमिनीवर मागच्या चाकाच्या बाजूला ठेवा. सबफ्रेमवर आणि शेजारच्या बॉडीवर पांढऱ्या रंगाची एकेक रेघ मारा. कोण किती हलतंय ते दिसेल. आणि टायरची तारीख वाचा.

देखरेख
एक सूचना. ही चाचणी राष्ट्रीय महामार्गावर, सर्व्हिस रोडवर किंवा वंटमुरीच्या घाटात करायची नाही. तसा व्हिडिओ इथं टाकला तर प्रतिसाद उडेल. खासगी, बंद जागा असेल तरच.

पाचलिटर
जागा मिळाली. शिनोळीत मित्राचा कारखाना आहे, आवारात काँक्रीटचा सरळ पट्टा. (घरापासून काही किलोमीटरवर, पण राज्य महाराष्ट्र. गाडीची नंबर प्लेट एमएच-१२, त्यामुळं निदान चाचणीपुरती गाडी आपल्या राज्यात होती.)

निकाल लिहितो.

टायर: भिंतीवर शेवटचे चार आकडे २३१७. म्हणजे २०१७ च्या २३ व्या आठवड्यातले. गाडीबरोबर आलेले, नक्षी भरपूर शिल्लक, पण नखानं दाबलं तर सागवान. हवा भरणाऱ्यानं दोन्ही बाजूंना वेगवेगळी हवा ठेवली होती, हे वेगळंच.

शॉकअप कोरडे. लिंकांचे बोल्ट घट्ट. पत्र्याला चीर नाही, टॉर्च घेऊन अर्धा तास बघितलं.

व्हिडिओ: एका उडीपासून दुसऱ्या उडीपर्यंत २० फ्रेम. २४० भागिले २०, सेकंदाला १२. ताई, तुम्ही आधीच सांगितलेलं. आणि रेघा... सबफ्रेमची रेघ बॉडीच्या रेघेपासून पाच-सहा मिलिमीटर पुढं-मागं होते. व्हिडिओ बाबांना दाखवला. म्हणाले, एवढं हलतं तर पडत कसं नाही?

जुना जीपवाला, निपाणी
वडिलांचा प्रश्न बरोबर आहे.

टिळकवाडी टॉर्क
आधी टायर. म्हातारं रबर एकदम पकडतं, एकदम सोडतं. नवं मऊ रबर हळूहळू सुटतं, त्यामुळं तो अड-सरक खेळ सौम्य होतो. टायर बदलून परत चाचणी, मग पुढचं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं गेलं ते आयुष्यभर कळणार नाही.

सीमेवरचा वकील
मधेच तोंड घालतो. एमएच पासिंगची गाडी कर्नाटकात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथं नोंदणी करावी लागते. आणि बदलांबाबत कलम ५२ बघा. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल चालणार नाहीत असं सांगितलंय. काम करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा. तोंडी 'चालतंय की' वर जाऊ नका.

पाचलिटर
वकीलसाहेब, नोंदणीचा, म्हणजे टॅक्सचा, विषय काढलात आणि जेवण कडू केलंत. पण पटलं. विमावाल्याला मेल टाकला.

पाचलिटर (तीन आठवड्यांनी)
नवे मागचे टायर टाकले. हॉप निम्मा. आधी दहा-बारा दणके बसायचे, आता पाच-सहा. रेघ मात्र अजून तेवढीच हलते. म्हणजे टायरनं खेळ सौम्य झाला, सबफ्रेम तसाच झोके घेतोय. आता तरी बुश?

बाजारात तीन प्रकार दिसतात. एक, रबर पूर्ण दाबून काढायचं आणि ॲल्युमिनियमचा भरीव बुश. दोन, रबर तसंच ठेवून त्याच्या पोकळ्यांत पॉलीयुरेथेनचे इन्सर्ट. तीन, बोल्ट आणि बॉडीच्या भोकातली ढिलाई भरणाऱ्या कॉलर. तिसरं तर मला इथं उद्यमबागेत लेथवर करून मिळेल. नायलॉनचा रॉड घेऊन जातोय उद्या.

उद्यमबाग लेथ
नायलॉन घेऊन काय करूलास बाबा? थांब की जरा.

मी तीस वर्सं लेथवर हाय. नायलॉन पाणी पितो. आपल्या बेळगावचा पावसाळा म्हंजे चार महिने गाडीची खालची बाजू वलीच. वल खाऊन नायलॉन फुगतो, माप बदलतं, आन् उन्हाळ्यात परत आवळतो. पंपाच्या कामात आमी हे भोगलंय. प्लास्टिकच पायजे तर डेलरिन घे, ते पाणी लई कमी पितंय. नायतर ॲल्युमिनियम ६०६१, टी-६. पण ते पोलादाला चिकटून पाण्यात ऱ्हायलं की पांढरी पूड सुटते, म्हणून वरून हार्ड ॲनोडाइज करून घे. ॲनोडाइजची जाडी मापात धर, नायतर कॉलर बसायची न्हाई आन् मग हातोडा मारशील.

आन् एक. भरीव बुश मी करून देणार न्हाई. ड्रॉइंग न्हाई, कंपनीचं मटेरियल ठाऊक न्हाई, आन् त्यावर सगळा एक्सल लटकणार. नमुना आण म्हणून लोक येतात, मी परत धाडतो. कॉलर करतो. त्या नुसत्या जागा धरतात, तुटल्या तरी बोल्ट हाय.

टिळकवाडी टॉर्क
मामांचं सगळं पटलं. ही सीमा सांभाळणारा टर्नर भेटला म्हणजे निम्मं काम झालं.

माझं मत: भरीव नको. तुम्ही दर शनिवारी ड्रॅग करणार नाही, तुम्ही चोर्ल्यातून गोव्याला जाणार आणि बाबांना घेऊन जाणार. इन्सर्ट रबराचा प्रवास अडवतात, रबर पूर्ण मारत नाहीत. कंप थोडा वाढेल. बाहेरून मागवायचे तर ज्यांनी हीच गाडी समोर ठेवून बनवलेत त्यांचेच मागवा. पॉलीयुरेथेनला सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पेट्रोलियमचं लावू नका, आणि कोरडं बसवलंत तर प्रत्येक स्पीडब्रेकरला चूं-चूं.

डिफरन्शियलच्या बुशांना आत्ता हात लावू नका. तिथं कडक केलं की गिअरच्या दातांचा आवाज सरळ केबिनमध्ये.

रंकाळा थ्री सिरीज
आणि काम करताना चारही बोल्ट एकदम काढू नकोस. सबफ्रेमखाली जॅक, दोन बोल्ट पूर्ण, दोन नुसते ढिले, थोडं खाली उतरवायचं. ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसच्या वायरी ताणतात का बघत राहायचं. माझी एक वायर तुटली होती. बॉडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. बोल्ट कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यानं टॉर्क पान्यानं आवळ, अंदाजानं नाही. शेवटी चारचाकी अलाईनमेंट. सबफ्रेम दोन मिलिमीटर तिरका बसला तर गाडी खेकड्यासारखी चालते.

चोर्ला रोज
इन्सर्टचं पार्सल कस्टममध्ये किती दिवस पडलं ते पण लिहा. माझं माउंट पडून होतं तेव्हा मी देवाला नारळ बोललो होतो.

पाचलिटर (दीड महिन्यानं)
झालं. सविस्तर लिहितो, कारण मराठीत हे कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

पार्सलचं विचारू नका. ड्यूटी भरली त्या दिवशी घरात कुंदा आणला, म्हटलं निदान तोंड तरी गोड.

मामांनी स्वतः गाडीखाली येऊन माप घेतलं. वर्निअर ठेवून म्हणाले, "कंपनीनं भोक सैल ठेवलंय ते बरोबरच हाय, लाईनवर पोरगं पटकन बोल्ट घालायला पायजे." बोल्टभोवतीची ती ढिलाई आपण नेहमी दुर्लक्षित करतो. जोर आला की सबफ्रेम त्या ढिलाईएवढा आधी सरकतो आणि मग रबर दाबतो. कॉलरनं ते सरकणं बंद झालं, शिवाय सबफ्रेम बसवताना मध्यावर आपोआप आला. अलाईनमेंटच्या मशीनवर आधीच्या आणि नंतरच्या कागदात मागच्या चाकांचा तिरपेपणा जवळजवळ गेलेला दिसतो. गाडी आधीपासून किंचित वाकडी चालत होती, मला कळलंच नव्हतं.

आधी फक्त कॉलर घालून शिनोळीत चाचणी (ताईंचा नियम). दणके चार, रेघ तीनेक मिलिमीटर. मग इन्सर्ट घालून: कोरड्या काँक्रीटवर दोन दणके, तेही दबलेले, मग चाक सरळ फिरतं किंवा गाडी सरळ सुटते. रेघ एक मिलिमीटर, कदाचित कमी, फोनवर त्याहून बारीक दिसत नाही. दोन दणक्यांमधलं अंतर आता १६ फ्रेम. म्हणजे सेकंदाला १५.

टिळकवाडी टॉर्क
१२ चे १५ झाले ना, हाच पुरावा. स्प्रिंग कडक झाली की ताल वाढतो. आणि ताल वाढला, उडी लहान झाली, तर टायरला सुटायला तेवढी साठवलेली ताकदच मिळत नाही. हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढं बुश मऊ पडले की आधी याच आकड्यात दिसेल.

पाचलिटर
तोटा पण लिहितो, नाहीतर जाहिरात वाटेल. खडबडीत डांबरावर मागून एक बारीक गुणगुण येते, आधी नव्हती. खानापूरच्या बाजूला जिथं रस्ता उखडलाय तिथं जास्त. बाबा पहिल्याच फेरीत म्हणाले, "मागं पिठाची गिरणी बसवलीस काय?" आई म्हणाली तिला काही ऐकू येत नाही, पण ती त्यांची बाजू कधीच घेत नाही.

ओल्या काँक्रीटवर अजून तीन-चार दणके बसतात. तिथं पाय हलका ठेवायचा, एवढंच.

रंकाळा थ्री सिरीज
आता डिफचे बुश कधी?

पाचलिटर
नाही. गिरणीवर चक्की नको.

कोथरूड ते केए
वाखूसा (वाचनखूण साठवली). आणि त्या पहिल्या गॅरेजवाल्याचा आकडा शेवटी काय होता?

पाचलिटर
टायर, पार्सल, ड्यूटी, मामा, अलाईनमेंट सगळं धरून मी त्याच्या एक तृतीयांशात सुटलो. त्यात निम्मे टायरच.

उद्यमबाग लेथ
५०० किलोमीटर झालं की येऊन जा. रबर, प्लास्टिक नवीन असलं की बसकन मारतं, बोल्ट ढिला होतो. परत टॉर्क लावू.

पाचलिटर
मामा, काल जाऊन आलो ना. तुम्ही जेवायला गेला होता, पोरानं लावला. चारातला एक डावा पुढचा बोल्ट थोडा फिरला, बाकी तीन जागेवर. चारही बोल्टांवर पिवळ्या रंगाची रेघ मारून घेतलीय. परवा चोर्ल्यातून म्हापशाला जातोय, परत आलो की खाली वाकून रेघा बघतो आणि इथं लिहितो.